पोलीस कारवाईचा धडा : निर्णय पक्षापलीकडचा, हिशेब मात्र अपुरा

सतरा सप्टेंबर उजाडला की एकाच घटनेचे स्मरण तीन राज्यांत वेगवेगळ्या नावांनी होते. मराठवाड्यात हा मुक्तिसंग्राम दिन. बिदर आणि कलबुर्गी या कर्नाटकाच्या सीमावर्ती जिल्ह्यांत पूर्वी तो विमोचन दिन होता. २०१९ पासून तो कल्याण कर्नाटक उत्सव दिन झाला. तेलंगणात सत्तेसोबत नावही बदलले. तेथे एका सरकारने राष्ट्रीय एकात्मता दिन म्हटले, नंतरच्या सरकारने प्रजा पालन दिन, तर केंद्राने हैदराबाद मुक्ती दिन. घटना एकच, ती १९४८ मधील लष्करी कारवाई.

राष्ट्रीय सुरक्षेच्या निर्णयात पक्षीय राजकारण नको, असे सर्वच पक्ष म्हणतात. त्याचा नेमका अर्थ काय, हे समजून घ्यायचे तर या दोन जिल्ह्यांचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरते.

संस्थान आणि पेच

निजामाच्या हैदराबाद संस्थानात १६ जिल्हे होते. त्यांतील मराठवाड्याचे पाच जिल्हे मराठी भाषकांचे, बिदर, गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) आणि रायचूर हे तीन कन्नड भागातले, उर्वरित तेलुगू. भाषेच्या सीमा मात्र इतक्या सरळ नव्हत्या. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते, आणि भालकी, औराद, बसवकल्याण परिसरात मराठी आजही घरोघरी बोलली जाते.

स्वतंत्र भारतात विलीन होण्यास निजामाने नकार दिला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला, पण तो दोन्ही बाजूंना समाधान देऊ शकला नाही. लातूरचा वकील कासिम रझवी याच्या नेतृत्वाखालील रझाकारांच्या सशस्त्र टोळ्यांनी गावोगाव दहशत माजवली. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातील गोरटा गावात झालेल्या हत्याकांडाची आठवण तेथील जुनी घरे अजून सांगतात. कराचीहून विमानाने चोरटी शस्त्रे येत होती. ऑगस्टमध्ये निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. काश्मीरमध्ये युद्ध सुरूच होते. अशा वेळी देशाच्या मध्यभागी सैन्य घालायचे की थांबायचे, असा प्रश्न दिल्लीपुढे होता.

निर्णय कसा झाला

त्या वेळच्या मंत्रिमंडळाची रचना लक्षणीय होती. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू आणि उपपंतप्रधान वल्लभभाई पटेल काँग्रेसचे; पण संरक्षणमंत्री सरदार बलदेव सिंग अकाली राजकारणातून आलेले, कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे आणि उद्योगमंत्री डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी हिंदू महासभेचे. एरवी एकमेकांचे कडवे टीकाकार असलेले लोक या प्रश्नावर एका टेबलाभोवती बसले होते.

मतभेद नव्हते असे नाही. नेहरूंचा कल वाटाघाटींकडे होता. पटेलांना दिरंगाई धोक्याची वाटत होती. सेनाप्रमुख जनरल रॉय बुचर यांनी सैन्य काश्मीरमध्ये गुंतल्याकडे आणि हवाई हल्ल्याच्या शक्यतेकडे लक्ष वेधले. हा सल्ला ऐकला गेला, त्यावर चर्चा झाली आणि अखेरचा निर्णय निवडक मंत्र्यांच्या संरक्षण समितीच्या चौकटीत लोकनियुक्त नेतृत्वाने घेतला. कारवाईचा आराखडाही ऐनवेळी केलेला नव्हता. दक्षिण विभागाचे लेफ्टनंट जनरल गोडार्ड यांनी तो आधीच तयार केला होता.

१३ सप्टेंबरला पहाटे मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या तुकड्या सोलापूरहून निघाल्या. पहिल्या दिवशी नळदुर्ग पडले, पुढे हैदराबादच्या रस्त्याने आगेकूच झाली. १७ सप्टेंबरला पहाटे भारतीय सैन्य बिदरमध्ये शिरले आणि त्याच दिवशी निजामाने शस्त्रे खाली ठेवण्याची घोषणा केली. दुसऱ्या दिवशी हैदराबादच्या सेनेचे प्रमुख अल इद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली.

निर्णय पक्षापलीकडचा होता, म्हणजे तो राजकारणाविना झाला असे नाही. लोकशाहीत युद्ध आणि शांततेचा निर्णय राजकीय नेतृत्वच घेते आणि तसेच असले पाहिजे. मात्र त्या निर्णयाने कोणत्या पक्षाला किती मते मिळतील, हा प्रश्न त्या टेबलावर नव्हता.

कारवाईनंतरचे मौन

खरी उणीव पुढे राहिली. रझाकार कोसळताच अनेक ठिकाणी सूडाची लाट उसळली आणि तिच्यात निरपराध मुस्लिम कुटुंबे सापडली. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांचे सद्भावना पथक पाठवले. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर १९४८ या काळात पथकाने संस्थानाचा दौरा केला. मृतांचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे होते उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चारांतच किमान १८ हजार बळी गेल्याचे पथकाने नोंदवले. रझाकारांच्या अत्याचारांची पार्श्वभूमी अहवालाने नाकारली नाही. काही ठिकाणी सैनिक आणि पोलिसांच्या वर्तनावरही त्याने बोट ठेवले.

सरकारने हा अहवाल प्रसिद्ध केला नाही. त्यातील मजकूर व्यापक प्रमाणावर वाचकांपुढे येण्यास सहा दशकांहून अधिक काळ लागला. मधल्या काळात गोरट्याचे दुःख एका बाजूकडे राहिले आणि कारवाईनंतर उद्ध्वस्त झालेल्या घरांचे दुसऱ्या बाजूकडे. दोन्ही दुःखांचा एकत्र, अधिकृत हिशेब कोणी मांडलाच नाही.

ही रिकामी जागा पुढे प्रचाराने भरून काढली. काँग्रेसचे अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे हे भालकी तालुक्यातील वरवट्टीचे. रझाकारांनी लावलेल्या आगीत त्यांनी लहानपणी आई आणि बहीण गमावली; नंतर कुटुंब गुलबर्ग्याला आले. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभेच्या प्रचारात उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांनी ही घटना सभेत मांडली. कर्नाटकचे मंत्री प्रियांक खर्गे यांनी ते कृत्य रझाकारांचे होते, संपूर्ण समाजाचे नव्हते, असे उत्तर दिले. एका घराची शोकांतिका ७६ वर्षांनी शेजारच्या राज्यातील प्रचाराचा मुद्दा झाली.

गोव्याशी जुळणारा धागा

गोमंतकीय वाचकांना या कथेतील एक नाव परिचित वाटेल. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीची मोहीम झाली तेव्हा दक्षिण विभागाचे प्रमुख होते हेच जे. एन. चौधरी. त्या वेळी एक आक्षेप घेतला गेला. फेब्रुवारी १९६२ मध्ये सार्वत्रिक निवडणूक होती आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींविरुद्ध उभे होते. कारवाईची वेळ निवडणूक पाहून ठरली, असे टीकाकार म्हणू लागले.

गोव्याचा प्रश्न निवडणुकीतून जन्मला नव्हता. डॉ. लोहियांची मडगावची सभा १९४६ ची. त्यानंतरची सत्याग्रहींची बलिदाने साऱ्यांना ठाऊक आहेत. तरीही तारखा जवळ आल्या की संशय चिकटतो. म्हणूनच सुरक्षेच्या निर्णयात हेतू शुद्ध असणे पुरेसे नसते. निर्णयाची प्रक्रियाही तशी दिसावी लागते.

वर्षभरातच चीनयुद्धाने याचा प्रत्यय दिला. मेनन गेले आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. नाशिकच्या पोटनिवडणुकीत त्यांच्याविरुद्ध कोणी उभे राहिले नाही. ते बिनविरोध लोकसभेत गेले. पक्षभेद बाजूला ठेवण्याचे ते ठळक उदाहरण. पण त्या पराभवाची चिकित्सा करणारा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल सरकारने आजतागायत प्रसिद्ध केलेला नाही आणि १९६२ हा विषय आजही संसदेत परस्परांवर फेकण्याचे साधन आहे.

याउलट कारगिलनंतर जुलै १९९९ मध्ये के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली आढावा समिती नेमली गेली. तिचा अहवाल काही गोपनीय भाग वगळून फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत मांडला गेला. त्यातून मंत्रिगट नेमला गेला आणि संरक्षण व्यवस्थेत सुधारणा झाल्या. पुढील सरकारे वेगळ्या पक्षांची आली, तरी त्या सुधारणा टिकल्या.

तीन टप्पे

या साऱ्यातून तीन टप्पे दिसतात. निर्णयापूर्वी लष्करी आणि नागरी सल्ला निर्भयपणे देता यावा. निर्णयाच्या वेळी मतपेटी टेबलावर नसावी आणि विरोधकांनाही विश्वासात घेतले जावे. निर्णयानंतर यशाचा आणि चुकांचा हिशेब, जितका उघड करता येईल तितका, लोकांपुढे यावा.

१९४८ मध्ये पहिले दोन टप्पे बऱ्याच अंशी पाळले गेले. तिसरा राहून गेला. प्रश्न विचारणे म्हणजे सुरक्षेत राजकारण आणणे, असा समज सोयीचा असतो, पण बिदर आणि कलबुर्गीचा अनुभव उलट आहे. प्रश्न वेळेवर विचारले गेले असते आणि त्यांची उत्तरे अधिकृतपणे मिळाली असती, तर सतरा सप्टेंबरला कोणत्या नावाने हाक मारायची, यावर दर सत्तांतराला वाद घालण्याची वेळ आली नसती.