समुद्र नाही, तरी मिठाचा सत्याग्रह!

मिठाचा सत्याग्रह म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? गांधीजींची काठी, दांडीचा समुद्र, ६ एप्रिल १९३०. बरोबर. पण आपल्या वऱ्हाडात समुद्र कुठून आणायचा? अकोला-अमरावतीच्या माणसाला समुद्र बघायचा तर रात्रभर रेल्वेत बसावं लागतं!

मग आपल्या लोकांनी काय केलं? ते विहिरीवर गेले.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तुम्हाला माहीत असेलच. अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला. तुमच्या वर्गात तिकडचा एखादा मित्र असेल तर विचारा, त्याच्या गावच्या पाण्यात डाळ शिजत नाही. या पट्ट्यातल्या दहीहंडा गावी खाऱ्या विहिरी होत्या. एप्रिल १९३० मध्ये तिथलं पाणी उकळून कायदा मोडला गेला. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी, अमरावतीचे वीर वामनराव जोशी ही त्या लढ्यातली मोठी नावं. वामनराव तर 'रणदुंदुभी'चे नाटककार!

पण मला प्रश्न पडला तो बाकीच्यांचा. म्हणून एक उद्योग केला. मैत्रिणीच्या गावाहून बाटलीभर खारं पाणी मागवलं आणि रूमवर गॅसवर ठेवलं. पाऊण तास गेला. रूममेट म्हणाली, "काहून गॅस जाळून राहिली वं?" शेवटी भांड्याच्या बुडाला मळकट पांढरा थर उरला. चमचाभरही नाही. चाखला तर खारट कमी, कडू जास्त.

तेव्हा ट्यूब पेटली. मूठभर मीठ हवं तर पाणी किती शेंदावं लागेल? सरपण किती? चुलीपाशी एप्रिलच्या उन्हात बसणार कोण? आपला एप्रिल म्हणजे काय, ते सांगायला नको. हे दोन-चार पुढाऱ्यांचं काम नाहीच. दोर ओढणारे, लाकडं आणणारे, पोलीस आले तरी जागचे न हलणारे असे हात लागतात. त्यांतल्या बहुतेकांची नावं आपल्या पुस्तकांत नाहीत. बरं, हे मीठ बाजारातल्या मिठाशी टक्कर देणार नव्हतंच. सरकारची परवानगी न घेता ते तयार झालं, मुद्दा तेवढाच होता.

पुढे पावसाळा लागला आणि लढा जंगलाकडे वळला. १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला. गवत कापायला विळा लागतो आणि तो तर प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात होताच. मिठापेक्षा ही आयडिया मला जास्त वऱ्हाडी वाटते!

बाटली परत द्यायला गेले तेव्हा मैत्रिणीच्या आईला हे सगळं सांगितलं. काकू हसल्या. म्हणाल्या, "तेव्हा या पाण्यानं सरकारले घाम फोडला म्हनतं? मंग आता आमाले गोडं पानी कवा भेटते, तेही लिव्ह ना बाप्पा पेपरात."

लिहिलं, काकू.