रंगावर जाऊ नको, लाकूड बघ

मागच्या महिन्यात माझा भाचा घरी आला. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. काम सुटले की मित्रांबरोबर पूल खेळायला जातो. म्हणाला, "मामू, रविवारी माझ्याबरोबर दुकानात चला. मला स्वतःची क्यू घ्यायचीय." आठ महिने साठवलेले नऊ हजार रुपये त्याच्या खिशात होते.

क्यू म्हणजे पूल, बिलियर्ड्स, स्नूकर खेळायची ती लांब काठी. आता मी पडलो कविता लिहिणारा माणूस. मला काठीतले काय कळणार? पण भाच्याने मला बोलावले ते माझ्यासाठी नव्हे, माझ्या अब्बांसाठी. अब्बा एका जुन्या क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे बिलियर्ड्सच्या खोलीची देखभाल करणारा माणूस. टेबलावरचे हिरवे कापड ब्रशने साफ करायचे, गुण मोजायचे, क्यूच्या टोकाला नवे चामडे बसवायचे. एखाद्या साहेबांना जोडीदार मिळाला नाही, तर त्यांच्याशी खेळायचे आणि बऱ्याचदा हरायचेही. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले, ही गोष्ट अब्बा घरच्या माणसाचे कौतुक सांगावे तशी सांगत.

क्लबात कुणी नवी चकचकीत क्यू घेऊन आले, की अब्बा तिला हात लावत, तोंडभर स्तुती करत. घरी आल्यावर मात्र आम्हा मुलांना म्हणत, "रंग पे नको जा, लकडी देख."

या एका वाक्यात क्यू निवडण्याचे निम्मे शास्त्र आहे. ते कसे, ते पाहू.

पूलची क्यू साधारण ५८ इंच लांब असते. वजन १८ ते २१ औंस, म्हणजे अर्ध्या किलोहून थोडे अधिक. तिचे दोन भाग असतात. मागचा जाड भाग म्हणजे बूड. पुढचा निमुळता भाग म्हणजे दांडी. दांडीच्या टोकाला चामड्याची छोटी टोपी असते, तिला टिप म्हणतात. पूलमध्ये ती साधारण १२ ते १३ मिलिमीटर रुंद असते, स्नूकरमध्ये ९ ते १० मिलिमीटर. पांढऱ्या बॉलला स्पर्श होतो तो फक्त या टिपेचा, आणि तोही सेकंदाच्या एक-दोन हजारांश एवढाच वेळ. खेळ जो काय होतो तो तेवढ्यात होतो.

आणि नक्षी कुठे असते? सगळी बुडावर. शिंपल्याचे तुकडे, चांदीच्या कड्या, आबनूस, आपल्या सह्याद्रीच्या जंगलात होणारे शिसव, सगळे मागे. बॉलपासून सर्वात दूर. ग्राहकाचे डोळे एका टोकाला आणि खेळ दुसऱ्या टोकाला, असा हा प्रकार आहे.

दांडीचे महत्त्व एका उदाहरणाने सांगतो. बॉलच्या बरोबर मध्यावर मारले तर तो क्यूच्या रेषेत जातो. पण बॉलला फिरकी द्यायची म्हणून डाव्या बाजूला मारले, तर तो निघताना किंचित उजवीकडे सरकतो. नवशिक्याला वाटते, आपला नेम चुकला. खरे तर हे सरकणे दांडीच्या टोकाकडच्या काही इंचांत किती वजन आहे, त्यावर ठरते. टोक हलके, तर सरकणे कमी. म्हणूनच नव्वदच्या दशकापासून टोक मुद्दाम हलके केलेल्या दांड्या बाजारात आल्या. अलीकडे तर कार्बन फायबरच्या काळ्या, बिननक्षीच्या दांड्याही मिळतात. बुडावर मोर काढा नाहीतर ताजमहाल, या सरकण्यात काडीचा फरक पडत नाही.

मग नक्षी हे निव्वळ ढोंग का? तसेही नाही. बुडावर भाल्याच्या पात्यासारखी टोकदार नक्षी असते, तिला पॉइंट म्हणतात. पूर्वी पुढचे हलके लाकूड आणि मागचे जड लाकूड पाचरीसारखे एकमेकांत बसवून सरसाने चिकटवत. सांधा लांब, म्हणून पक्का. त्या सांध्याच्या कडा बाहेरून टोकदार दिसत. म्हणजे आज ज्याला आपण शोभा म्हणतो, ते मुळात सुताराचे काम होते. पुढे पुढे काम गेले आणि शोभा उरली. स्वस्त क्यूवर आता याच पॉइंटचे छापील स्टिकर असते, वरून जाड वॉर्निश. आमच्या कवितेतही असे होते. अर्थाची गरज म्हणून आलेली उपमा पुढे नुसती सवय म्हणून राहते.

दिसण्याची भुरळ किती मोठी असते बघा. जॉर्ज बालाबुष्का नावाचे रशियात जन्मलेले अमेरिकन कारागीर होते. १९७५ साली ते वारले. त्यांच्या क्यूंना संग्राहक मोठी किंमत मोजतात. १९८६ च्या 'द कलर ऑफ मनी' या चित्रपटात बालाबुष्का क्यूला मोठा मान आहे. पण पडद्यावर जी दिसते ती बालाबुष्का नाहीच. जॉस कंपनीची, तिच्यासारखी दिसणारी क्यू आहे. प्रेक्षकांना फरक कळला नाही, कारण प्रेक्षक फक्त बघत होते. खेळत नव्हते.

याउलट स्टीफन हेंड्रीची गोष्ट. स्नूकरची सात जागतिक विजेतेपदे त्याने लहानपणापासूनच्या एकाच क्यूने मिळवली. तिची किंमत होती चाळीस पौंड. २००३ साली विमानप्रवासात ती मोडली, तेव्हा जगभर बातमी झाली. त्या लाकडाशी त्याच्या हाताची वर्षानुवर्षांची ओळख होती. ती ओळख दुकानात विकत मिळत नाही.

तर रविवारी आम्ही दुकानात गेलो. भाच्याचा हात थेट एका काळ्या क्यूवर गेला. बुडावर हिरवा-सोनेरी ड्रॅगन. मी म्हटले, "आधी पुढून बघ." टिप एका बाजूने उचकटलेली होती. दांडीवर इतके वॉर्निश, की घामाच्या बोटांवर ती सरकेना, चिकटू लागली. आपल्या दमट हवेत हा दोष पहिल्या पाच मिनिटांत कळतो. ड्रॅगनच्या कडेवर नख फिरवले, तर तेही स्टिकरच निघाले.

मी मोठ्या ऐटीत दुसरी, अगदी साधी क्यू उचलली. ना नक्षी, ना रंग. मनात म्हटले, ही अब्बांना आवडली असती. भाच्याने ती टेबलावर ठेवून सावकाश फिरवली. दांडी आणि टेबल यांच्यामधली उजेडाची फट कमी-जास्त होत होती. दोन्ही भाग सुटे करून फिरवले, तेव्हा कळले की दांडीच वाकलेली आहे. मी गप्प झालो. साधेपणावरही माणूस भाळतो, आणि तेही रंगावर जाणेच असते.

तिसरी क्यू तपकिरी होती. बुडावर चार साधे पॉइंट, मुठीवर लिननचा दोरा गुंडाळलेला. हा दोरा शोभेचा वाटतो, पण तो घाम शोषतो. बंदुकीचा नेम धरावा तशी ती डोळ्याला लावून पाहिली. सरळ होती. फिरवली, फट हलली नाही. जोडावर खडखड नव्हती. बोटावर तोलली, तर तोल बुडापासून साधारण दीड फुटावर आला. मग दुकानदाराच्या परवानगीने भाच्याने दहा-बारा फटके मारले. आधी मध्यावर, मग बाजूला. अकराव्या फटक्याला तो माझ्याकडे बघून हसला. हातात बसली होती.

"मामू, पण ड्रॅगन छान होता हो," बाहेर पडताना तो म्हणाला. मी म्हटले, "छानच होता." सुंदर वस्तू हवीशी वाटणे हा काही गुन्हा नाही. आवडती वस्तू माणूस जपतो, रोज हातात घेतो, आणि रोज हातात घेतली तरच खेळ सुधारतो. फक्त क्रम चुकू नये. आधी सरळपणा, मग टिप आणि दांडी, मग वजन आणि तोल. एवढ्यात दोन क्यू सारख्या उतरल्या, तर जी डोळ्यांना आवडेल ती खुशाल घ्यावी. पैसे थोडे असतील तर ते पुढच्या भागावर घालावेत. चांगली टिप थोडक्यात बसवून मिळते आणि खेळ बदलते.

घरी आल्यावर आपाला दाखवायला म्हणून त्याने क्यू कोपऱ्यात भिंतीला टेकवून उभी केली. माझ्या तोंडून एकदम निघाले, "टेकवू नको, वाकते. पेटीत आडवी ठेव." आपा माझ्याकडे बघतच राहिली. आवाज माझा होता, पण बोलले होते अब्बा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)