अंगणातले पक्षी, पावसाळी उजेड आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. ताडोबाचं गाभा क्षेत्र पर्यटकांसाठी बंद, रस्त्यावर चिखल. पण घरामागच्या सांदवाडीत मात्र पक्ष्यांची नुसती धांदल असते. शिंपी पानं शिवतो, सातभाईंचा गोंगाट चालतो, दयाळ शेवग्यावर बसून शीळ घालतो, आणि नशीब असलं तर जंगलाला लागून असलेल्या गावात नवरंगही पाचोळा उलटताना दिसतो. शाळेच्या पक्षीनोंदवहीसाठी फोटो काढायला हाच काळ उत्तम, आणि उजेडाच्या दृष्टीने हाच सगळ्यात वाईट!

किती वाईट ते आकड्यांत बघू. ढगाळ दिवशी दाट आंब्याखाली बसलेल्या पक्ष्यासाठी आयएसओ ८०० आणि छिद्र एफ ५.६ ठेवलं, तर शटरवेग साधारण १/६० सेकंद मिळतो. पक्षी एका जागी बसला असला तरी मान सारखी हलवतो, शेपटी उडवतो. त्याला स्वच्छ टिपायला निदान १/५०० तरी हवा. म्हणजे आठपट उजेड कमी पडला. आयएसओ ६४०० करून तो भरून काढता येतो, पण साध्या कॅमेऱ्यात मग पिसांचा पोत जाऊन नुसते दाणे दिसतात. इथे फ्लॅशची आठवण होते.

फ्लॅशचं काम दोन प्रकारचं. एक, उजेड वाढवणं. दुसरं, हालचाल गोठवणं. फ्लॅश कमी ताकदीवर असला की त्याचा लखलखाट सेकंदाच्या काही हजाराव्या भागाइतकाच टिकतो, त्यामुळे पंखसुद्धा थांबल्यासारखा दिसतो. अमेरिकेत हॅरॉल्ड एडगर्टन यांनी १९३० च्या दशकात विजेच्या अशा चमकांनी हेच केलं. गुंजन पक्ष्याचे डोळ्यांना न दिसणारे पंख त्यांच्या फोटोंत मोजता येतात. मात्र बहुतेक कॅमेऱ्यांत साधा फ्लॅश वापरताना शटर १/२०० किंवा १/२५० च्या पुढे नेता येत नाही. बाहेरचा उजेडही फोटोत बराच येत असेल, तर फ्लॅशने टिपलेल्या स्पष्ट पक्ष्याभोवती त्याचीच पुसट सावली उमटते. भूत दिसल्यासारखी! मग उजेडाचा तोल सांभाळावा लागतो.

आता भौतिकशास्त्रातला नियम. प्रकाशस्रोतापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा नाही, चौथाई होतो. कारण तोच उजेड चौपट क्षेत्रावर पसरतो. तिप्पट अंतराला नववा हिस्सा. पेरूवरचा बुलबुल ४ मीटरवर आणि मागचं कुंपण ८ मीटरवर असेल, तर कुंपणाला चौथाई उजेड पोचणार. केवळ फ्लॅशच्या भरवशावर फोटो काढला तर दुपारी बाराचा बुलबुल मध्यरात्रीचा वाटतो तो यामुळे.

फ्लॅशची ताकद ‘गाइड नंबर’ने सांगतात. हा आकडा मीटरमध्ये असतो. त्याला छिद्राच्या आकड्याने भागलं की आयएसओ १०० ला फ्लॅश किती लांब पोचेल ते कळतं. कॅमेऱ्यावर उघडणाऱ्या छोट्या फ्लॅशचा गाइड नंबर १२ धरू. १२ भागिले ५.६, म्हणजे जेमतेम २ मीटर. एवढ्या जवळ कोणता पक्षी येऊ देणार? पण आयएसओ १६०० केला की पोच चौपट होते, साडेआठ मीटर.

आणि खरी गंमत याच्या पुढे आहे. बुलबुल ४ मीटरवरच असेल आणि आयएसओ १६०० असेल, तर पूर्ण उजेडासाठी फ्लॅशच्या ताकदीचा सुमारे पाचवा हिस्सा पुरतो. आपल्याला पूर्ण उजेडही नकोय. बाहेरचा उजेड मुख्य ठेवून फ्लॅशने फक्त सावली हलकी करायची, म्हणून फ्लॅशची भरपाई उणे २ वर ठेवायची. मग लागतो अठराव्या हिश्श्याएवढा उजेड! आयएसओ वाढवला तर फोटोत थोडे दाणे येतात, पण पक्ष्याच्या डोळ्यावर पडणारा झोत कितीतरी कमी होतो. माझ्या मते हा सौदा नेहमी करावा. पूर्ण ताकदीचा फ्लॅश मारून गुळगुळीत फोटो मिळवण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. तसा फोटो सपाटच येतो, आणि दयाळाचा पांढरा भाग जळून जातो तो वेगळाच.

शिंजीर मात्र फ्लॅशने खुलतो. नर ढगाळ उजेडात नुसता काळा ठिपका दिसतो. त्याची जांभळी-निळी चमक रंगद्रव्याची नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेची असते, ती प्रकाशाच्या कोनावर अवलंबून. समोरून थोडा उजेड मिळाला की ती एकदम उजळते. याच कारणाने फ्लॅशमधला रंग बघून ओळख पक्की करू नका, चोच आणि आकारही बघा.

काही व्यवहाराच्या गोष्टी. भिंगावरचं हूड काढून ठेवा, नाहीतर छोट्या फ्लॅशसमोर त्याची सावली फोटोच्या खालच्या भागात पडते. पाऊस चालू असताना फ्लॅश मारला तर जवळचे थेंब पांढरे गोळे होऊन चमकतात, सर थांबायची वाट बघा. मोबाइलचा ‘फ्लॅश’ हा खरं तर छोटा एलईडी दिवा. दोन-तीन मीटरच्या पुढे त्याचा उपयोग शून्य, तो बंदच ठेवा. आणि उन्हाळ्यात, मांडवाखालच्या पाण्याच्या परळावर पक्षी येतात तेव्हा? मागे चंद्रपूरचं रखरखीत ऊन, पुढे काळोखी सावली. तिथे ऊन सांभाळायला छिद्र एफ ११ पर्यंत बारीक करावं लागतं आणि आयएसओ १०० ला छोट्या फ्लॅशची पोच मीटरभरच उरते. त्यापेक्षा परळच सरकवून मोकळ्या सावलीत ठेवलेलं बरं.

फ्लॅश कुठे नाही वापरायचा हे जास्त महत्त्वाचं आहे. घरट्यावर नाही, कधीच नाही. फोटोसाठी पानं बाजूला केली की घरटं उन्हापावसाला आणि कावळ्या-भारद्वाजाच्या नजरेला उघडं पडतं. भारद्वाज अंडी आणि पिल्लं खातो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी व घरटी यांना त्रास देणं येतं, हे पुष्कळ हौशी लोकांना माहीतच नसतं. ताडोब्याच्या सफारीत फ्लॅशला बंदी आहे, तिथे तर प्रश्नच मिटला.

रात्रीचे पक्षी हा दुसरा प्रश्न. गडचिरोलीकडे रात्री गाडीच्या उजेडात रस्त्यावर दोन निखारे चमकताना पाहिलेत ना? तो रातवा. त्याच्या डोळ्यांतून उजेड परत फिरतो. पिंगळ्याची बाहुलीही अंधारात पूर्ण उघडलेली असते. अशा डोळ्यावर जवळून फ्लॅश पडला तर काही क्षण तरी त्याला धड दिसणार नाही, आणि त्याच क्षणी तो उडाला तर समोर फांदी आहे की विजेची तार हे त्याला कसं कळावं? फ्लॅश वापरून रात्रीचे पक्षी टिपण्यात एरिक हॉस्किंग या इंग्रज छायाचित्रकाराचं मोठं नाव. १९३७ मध्ये घुबडाच्या घरट्याजवळ घुबडानेच हल्ला केला आणि त्यांचा एक डोळा गेला. शाळेच्या वहीसाठी पिंगळा हवा असेल तर संध्याकाळी, उजेड असतानाच तो ढोलीच्या तोंडाशी येऊन बसतो. तेव्हा काढा, फ्लॅश न लावता.

करून पाहा : पक्षी जिथे बसतो त्या फांदीवर नारळाची करवंटी टांगा. दोरीने ४ मीटर मोजून खूण करा. आयएसओ १६००, एफ ५.६, शटर १/२०० ठेवून फ्लॅशची भरपाई ०, उणे १ आणि उणे २ अशी बदलत तीन फोटो काढा, मग एक बिनफ्लॅशचा. चारही शेजारी ठेवून करवंटीची सावली आणि मागचं कुंपण यांत काय फरक पडला ते वहीत लिहा. सगळी चाचणी करवंटीवर झाली की पक्षी आल्यावर एक-दोन चमकांत काम भागतं. करवंटी काढायला विसरू नका, नाहीतर बुलबुल त्या फांदीकडे फिरकणारच नाही.