प्रयोगशाळा आणि रुग्णशय्या

अमेरिकेत वैद्यकीय महाविद्यालयात जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला सहसा आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते. पुढे ‘एमकॅट’ ही परीक्षा असतेच. शिवाय रुग्णालयात किती काळ सेवा केली, प्रयोगशाळेत कोणते काम केले, याचीही विचारणा होते. साहजिकच विशीतील मुलेमुली तासांचा हिशेब मांडून दोन्ही पारडी सारखी करू पाहतात. हा हिशेब वरकरणी शहाणपणाचा वाटला, तरी तो मुळातच चुकीचा आहे.

१९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटो विद्यापीठात चार्ल्स बेस्ट हा नुकताच पदवी घेतलेला तरुण फ्रेडरिक बँटिंग या शल्यवैद्याचा मदतनीस झाला. त्याला डॉक्टर होण्यास अजून अवकाश होता. कुत्र्यांवरील प्रयोगांत रक्तातील साखर मोजण्याचे काम त्याच्याकडे होते. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मधुमेही मुलाला त्यांचा अर्क टोचण्यात आला. गुण बेताचाच आला आणि टोचल्या जागी गळू झाले. जेम्स कॉलिप यांनी अर्क शुद्ध केल्यावर, बारा दिवसांनी, त्या मुलाची साखर उतरली. प्रयोगशाळेला जे साधले असे वाटत होते, त्यातील उणीव रुग्णाने दाखवून दिली.

उलट दिशेचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. महाड परिसरात लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत. डॉ. हिंमतराव बावस्कर रुग्णांजवळ बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांची नोंद ठेवीत गेले. फुप्फुसात पाणी होऊन व हृदय थकून मृत्यू येतो, हे त्या नोंदींतून उमगले आणि रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध दंशावर उपयोगी ठरले. हे संशोधन ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाने छापले. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागली नाही. लागली ती जागरणे.

म्हणजे प्रश्न वेळेच्या वाटणीचा नसून कुतूहलाचा आहे. रुग्णाजवळ पडलेला प्रश्न घेऊन जो प्रयोगशाळेत जातो, त्याला दोन कामांत ओढाताण जाणवत नाही. केवळ प्रमाणपत्रासाठी जाणाऱ्याचे दोन्हीकडचे तास वाया जातात. शिवाय या हिशेबात एक अन्यायही दडलेला आहे: संध्याकाळी नोकरी करून शिकणाऱ्या मुलाने विनावेतन सेवेचे तास आणावेत कोठून?

आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७९ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांच्या संशोधनाची विद्यावेतन योजना सुरू केली, ती याच दृष्टीने स्वागतार्ह होय. मात्र तेथेही विषय वॉर्डातून यावा, मार्गदर्शकाच्या कपाटातून नव्हे. विद्यार्थ्याने चार ठिकाणी नावे नोंदविण्यापेक्षा एकच प्रश्न धरावा व तो तडीस न्यावा. त्याने किती तास दिले, हे रुग्ण कधीच विचारणार नाही. आपल्याकडे नीट पाहिले की नाही, एवढेच त्याला कळेल.