घरच्या छोट्या ट्रॅक्टरला 'जेसीबी'चा हात जोडता येतो का?

मे २०१९ मध्ये 'जेसीबी की खुदाई'चे मीम्स आपण सगळ्यांनीच फॉरवर्ड केले होते. त्या पिवळ्या मशीनचा एक कारखाना पुण्याजवळ तळेगावला आहे. जेसीबी हे खरं तर कंपनीचं नाव, संस्थापक जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांच्या नावातली आद्याक्षरं. मशीनच्या मागच्या खोदणाऱ्या हाताला म्हणतात बॅकहो.

पण मोठ्या जेसीबीचं वजन सात टनांच्या पुढे जातं. जुन्नरच्या द्राक्षबागेत दोन ओळींमध्ये पाइपलाइनसाठी चारी काढायची असेल, तर तो शिरणार कुठून? मग विचार येतो, घरच्या वीस-पंचवीस एचपीच्या ट्रॅक्टरलाच छोटा बॅकहो जोडला तर?

जोडता येतो. पण दोन गोष्टी चुकल्या तर ट्रॅक्टर मोडतो, प्रसंगी जीवावरही बेततं.

पहिली गोष्ट : बसवायचा कशावर?

सोपा मार्ग म्हणजे थ्री पॉइंट लिंकेज, जिथे आपण रोटाव्हेटर जोडतो. अडचण अशी की बहुतेक ट्रॅक्टरची लिफ्ट अवजार फक्त उचलते, खाली दाबून धरत नाही. बकेट कडक जमिनीत रुतली की बॅकहोच वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरकडे दुमडू शकतो. चालवणारा बसलेला असतो नेमका या दोघांच्या मध्ये.

दुसरा धोका ट्रॅक्टरला. बऱ्याच ट्रॅक्टरना ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स हे एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात. मागून सारखे हिसके बसले तर हाउसिंगला तडा जाऊ शकतो.

यावर उपाय म्हणजे सबफ्रेम. ही लोखंडी चौकट ट्रॅक्टरच्या पोटाखालून पुढपर्यंत जाते आणि खोदाईचा जोर पुढे-मागे वाटून देते. महाग पडते, बसवायला वेळ लागतो, पण नियमित खोदाई करायची तर हाच पर्याय बरा.

दुसरी गोष्ट : ताकद कुठून घ्यायची?

बॅकहो चालतो तेलाच्या दाबावर. दाबावर जोर ठरतो, तेलाच्या प्रवाहावर वेग. मिनिटाला २५ लिटर तेल आणि १५० बार दाब म्हणजे साधारण ६ किलोवॅट, म्हणजेच ८ एचपी. म्हणजे बहुतेक वेळा इंजिन कमी पडत नाही, पंप कमी पडतो.

ट्रॅक्टरचाच पंप वापरला तर खर्च वाचतो. पण छोट्या ट्रॅक्टरचा प्रवाह कमी असतो, हात रेंगाळतो. शिवाय अनेक ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिक आणि गिअरबॉक्सचं तेल एकच असतं. बॅकहोची घाण आणि उष्णता थेट गिअरबॉक्समध्ये जाते.

दुसरा मार्ग, पीटीओवर वेगळा पंप आणि स्वतंत्र तेलाची टाकी. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, त्या वेगाला चालणारा पंप निवडायचा. पंप साखळीने किंवा पट्टीने बांधायचा, नाहीतर तो शाफ्टसोबत गरगरतो. फिरत्या शाफ्टवर गार्ड हवाच, सैल कपडे नकोत.

पैसे देण्याआधी काय विचाराल?

- माझ्या मॉडेलसाठी सबफ्रेम मिळते का?
- बॅकहोला किती प्रवाह, किती दाब लागतो?
- पुढे किती वजन लावायचं, म्हणजे नाक उचललं जाणार नाही?
- ट्रॅक्टरची वॉरंटी राहील का? हे लेखी घ्या.

आणि वर्षातून दोनच चाऱ्या काढायच्या असतील, तर? मिनी एक्स्कॅव्हेटर तासावर भाड्याने घ्या. ट्रॅक्टरही वाचेल, पैसेही.