उर्फध्वनी : संगणकीय ध्वनिनिर्मितीतील एका आभासाचा विचार

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथच्या परिसरात गुरुत्वीय तरंगांचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा योजिली असून, तिच्या प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचा उल्लेख वृत्तपत्रवाचकांस आता परिचित झाला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ह्या योजनेस फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास अशा वेधशाळेशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी केल्यास तो अस्वाभाविक म्हणता येणार नाही. परंतु १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन वेधशाळांस जो पहिला तरंग गवसला, त्याची कंपनसंख्या सुमारे ३५ पासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली होती. मनुष्याच्या कंठस्वराचा प्रदेश ह्याच्याशी बराचसा जुळतो. शिवाय हा तरंग आणि बोलीच्या अभ्यासकाने खेड्यात जाऊन ध्वनिमुद्रित केलेली म्हातारीची कहाणी, ही दोन्ही अखेर आकड्यांची रांग होऊनच साठविली जातात. ह्या रांगेत एक फसवणूक संभवते.

इंग्रजी शास्त्रकार तिला ‘एलियासिंग’ म्हणतात. मूळ लॅटिन ‘आलियास’ ह्या अव्ययाचा अर्थ ‘अन्य वेळी, अन्य प्रकारे’ असा असून, पुढे ते दुसऱ्या नावाचे निदर्शक बनले. मराठीत हेच कार्य अरबीतून आलेला ‘उर्फ’ हा शब्द करतो. म्हणून एका कंपनसंख्येचा ध्वनी दुसऱ्या कंपनसंख्येच्या नावाने वावरू लागला असता त्यास ‘उर्फध्वनी’ म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. ‘आभासी ध्वनी’ हा पर्याय सुचेल. परंतु येथे ध्वनी आभासी नसतो, तो खरोखरच ऐकू येतो. खोटी असते ती त्याची ओळख.

ध्वनीचे आकड्यांत रूपांतर करताना यंत्र प्रत्येक सेकंदास ठरावीक वेळा त्याचे मोजमाप करते. ह्या मोजमापांस नमुने म्हणावे. सेकंदास ८००० नमुने घेतले, तर ४००० हर्ट्झपर्यंतचेच ध्वनी यथार्थ नोंदले जातात, असा नियम आहे. नायक्विस्टने १९२८ मध्ये त्याची पूर्वपीठिका मांडली आणि शॅननने १९४९ मध्ये त्यास सुप्रसिद्ध रूप दिले. मर्यादेपलीकडचा ध्वनी नाहीसा होत नाही. तो आरशातल्याप्रमाणे उलटून मर्यादेच्या अलीकडे येतो. ५००० हर्ट्झचा ध्वनी ३००० चा भासतो, ७००० चा १००० चा. चित्रपटात धावत्या बैलगाडीची चाके उलटी फिरताना दिसतात, त्याचे कारण हेच. तेथे कॅमेऱ्याची चित्रे म्हणजे नमुने.

ह्याची प्रचीती घेण्यास महागड्या वाद्याची गरज नाही. ध्वनिविश्लेषणासाठी भाषाशास्त्र-विभागांत सर्वत्र वापरली जाणारी, ॲम्स्टरडॅमच्या बोर्स्मा व वेनिंक ह्यांची ‘प्रात’ ही विनामूल्य आज्ञावली सूत्रावरून ध्वनी निर्माण करू शकते. नमुनादर ८००० ठेवून, चार सेकंदांत १००० पासून ९००० हर्ट्झपर्यंत एकसारखा चढत जाणारा शुद्ध स्वर तिला मागावा. दीड सेकंदपर्यंत स्वर आज्ञेप्रमाणे चढतो, नंतर वळून उतरू लागतो, साडेतीन सेकंदांशी मौनात बुडतो आणि पुन्हा वर येतो. सूत्रात अवरोह कोठेही नसतो.

संगीतकारांच्या संगणकीय वाद्यांत हा प्रकार अधिक गुंतागुंतीचा होतो. करवतीच्या दातांसारख्या तरंगाकृतीत मूलस्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर अनंतापर्यंत असतात आणि त्यांचे बल अनुक्रमाने १/२, १/३, १/४ असे घटते. नमुनादर ४४१०० असता मर्यादा २२०५० होते. ३००० हर्ट्झचा करवती स्वर भोळेपणाने सूत्रातून काढला, तर सातवा उपस्वर २१००० वर सुखरूप राहतो. आठवा २४००० ऐवजी २०१०० वर पडतो, आणि चौदावा, जो ४२००० वर असावयाचा, तो २१०० वर म्हणजे मूलस्वराच्याही खाली येतो. आता मूलस्वर ३१०० वर न्यावा. चौदावा उपस्वर २१०० वरून ७०० पर्यंत कोसळतो : शंभरांची चढण, चौदाशेंची उतरण. स्वर वर सरकत असता त्याच्या पोटातून काही खाली घसरत असल्याचा जो चमत्कारिक अनुभव येतो, तो ह्यातून. उलट मूलस्वर २९४० ठेवल्यास सारे उर्फध्वनी मूळ उपस्वरांवरच जाऊन बसतात आणि कानास काहीच वावगे वाटत नाही. कारण ४४१०० ला २९४० ने निःशेष भाग जातो.

हा दोष टाळण्याची एक पद्धती स्टिल्सन व स्मिथ ह्यांनी १९९६ मध्ये मांडली. वाढीव दराने ध्वनी घडवून, गाळून, मग दर उतरविणे हा दुसरा मार्ग. ज्यास उर्फध्वनी हवाच आहे, त्याने नेमके उलट करावे : वाढीव दर बंद ठेवावा, ध्वनी न गाळता मधले नमुने वगळावेत, किंवा चाउनिंगने १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कंपन-अधिमिश्रणाची मात्रा वाढवीत न्यावी. १९८७ च्या ‘एसपी-१२००’ ह्या यंत्रातील, सेकंदास सुमारे २६००० नमुन्यांच्या तालध्वनींची खरखरीत झळाळी पुढे मुद्दाम जतन केली गेली. कलेत दोषाचा गुण होणे नवे नाही.

शास्त्रात मात्र ही मोकळीक नाही. ‘स’ च्या घर्षणाचे बल बहुधा ४००० हर्ट्झच्या वर असते, तर ‘श’ चे त्याहून खाली सुरू होते. न गाळता ८००० नमुन्यांवर आणलेल्या ध्वनिमुद्रणात ६००० वरील ‘स’ चे घर्षण २००० वर उतरते, आणि ‘चाक’ मधील दंततालव्य ‘च’ व ‘चार’ मधील तालव्य ‘च’ ह्यांतील भेद मोजणाऱ्याची दिशाभूल होते. हिंगोलीसारख्या प्रदेशात, जेथे मराठवाडी व वऱ्हाडी ह्यांच्या सीमा एकमेकींत मिसळतात, अशी चूक बोलीचे वैशिष्ट्य म्हणून नोंदली जाण्याचा धोका आहे. दूरध्वनीवरील ध्वनीत ‘स’ क्षीण असतो हे खरे, परंतु तो ३४०० च्या आसपास गाळलेला असतो. तेथे माहिती उणी असते, खोटी नसते. ‘प्रात’ मधील दर बदलण्याची आज्ञाही आधी गाळते; स्वतः लिहिलेल्या आज्ञावलीत दर दुसरा नमुना उचलणारा विद्यार्थी ते बहुधा विसरतो.

गुरुत्वीय तरंगांच्या अभ्यासकांनी ह्या बाबतीत घेतलेली दक्षता अनुकरणीय आहे. त्यांची १६३८४ नमुन्यांची सामग्री सार्वजनिक उपयोगासाठी ४०९६ वर उतरविली जाते. गणिताने मर्यादा २०४८ ठरते, तरी सुमारे १७०० हर्ट्झच्या वरील भागावर विसंबू नये असे ते सांगतात. कारण कोणतीही गाळणी एका रेषेवर तुटत नाही.

एकदा आत शिरलेला उर्फध्वनी मागाहून वेगळा काढता येत नाही. कानाने तो ओळखणेही सर्वत्र सारखे सोपे नसते. नामदेवांच्या नरसीतील भजनाचे ध्वनिमुद्रण घेतल्यास गायकाच्या स्वरात तो चटकन खुपेल. टाळांत लपून राहील, कारण धातूचे उपस्वर मुळातच पूर्णांकाच्या पटीत नसतात. निर्मित ध्वनीची परीक्षा मात्र सोपी आहे : मूलस्वर हळूहळू चढवावा आणि वर्णपटात एखादी रेषा खाली उतरते काय, हे पाहावे.