पोपटताप ओळखणारी नळी

दिसायला ही दीड मिलिलिटरची साधी प्लास्टिकची नळी. वेगळेपण आहे ते तळाशी. तिथे काही मिलिमीटरची चिप बसवलेली असते आणि तिच्यावर डीएनएचे छोटे तुकडे ठिपक्याठिपक्यांनी रोवलेले असतात. जर्मनीत येना इथल्या फ्रीडरिश लॉफ्लर संस्थेतल्या संशोधकांनी २००८ साली या नळीतून ‘क्लॅमिडिया सिटासी’ या जीवाणूचा प्रकार ओळखण्याची पद्धत मांडली.

पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे आत गेली की हा जीवाणू माणसाला गाठतो आणि पोपटताप होतो. आधी थंडीताप आणि डोकेदुखी, मग न्यूमोनिया. १९२९-३०च्या हिवाळ्यात तो दक्षिण अमेरिकेतल्या पोपटांबरोबर युरोप-अमेरिकेत पोहोचला, तेव्हा त्याचा माग काढणारे संशोधकही आजारी पडले. प्रयोगशाळेत त्याला वाढवणं आजही जिकिरीचं आहे. तो जिवंत पेशीतच वाढतो, त्यामुळे त्यासाठी कोंबडीची अंडी किंवा पेशीसंवर्धन लागतं, कडक सुरक्षा लागते आणि बरेच दिवस जातात.

नळीने ही वाढवण्याची पायरीच गाळली. बोळ्यावर घेतलेल्या नमुन्यातून डीएनए काढायचा, जीवाणूच्या ‘ओएमपीए’ जनुकातल्या बदलत्या भागांच्या पीसीआरने भरपूर प्रती काढायच्या आणि त्या नळीत सोडायच्या. प्रत्येक प्रत आपल्याशी जुळणाऱ्या ठिपक्यालाच चिकटते आणि विकराच्या क्रियेने तो ठिपका काळा पडतो. काळ्या ठिपक्यांची मांडणी पाहून संगणक प्रकार सांगतो. ‘ए’ मुख्यतः पोपटांतला, ‘बी’ कबुतरांतला, ‘सी’ बदकांतला, ‘डी’ टर्कीतला.

अंथरुणावरच्या रुग्णाला याचा फायदा? खरं सांगायचं तर फारसा नाही. प्रकार कुठलाही निघो, औषध बहुधा डॉक्सिसायक्लिनच. फायदा होतो तो अजून आजारी न पडलेल्यांना. बदकांच्या कत्तलखान्यातल्या कामगाराला हा ताप आला, तर तो कामावरच्या बदकांकडून आला की घरच्या पोपटाकडून, हे कळल्याशिवाय बाकीच्यांना वाचवणार कसं?

अर्थात, नुसत्या अक्षरावर विसंबूनही चालत नाही. २०१४ साली ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समध्ये, पशुवैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा आजार झाला. जीवाणूचं कूळ पोपटांत आढळणारं, पण या मुलांनी हाताळली होती घोडीची वार. हा दुवा चिपवर दिसत नाही, तो माणसांना विचारूनच सापडतो.

तेव्हा न्यूमोनियासाठी डॉक्टरांकडे जाल, तेव्हा घरी पोपट-कबुतरं असतील, कामावर कोंबड्या-बदकं असतील, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा.